गाडी स्वतः ब्रेक मारते तेव्हा

नागपूरजवळच्या कोराडीहून खापरखेड्याकडे निघाले की आपल्यापुढे काहीतरी अवजड असतेच. राखेचा बल्कर असतो, कोळशाचा टिप्पर असतो, नाहीतर विटा भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली. खापरखेडा वीज केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे संच आहेत, म्हणजे सगळे मिळून १,३४० मेगावॅट. शेजारी कोराडीचे त्याहून मोठे केंद्र, आणि आजूबाजूला वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसा खाणी. जळलेल्या कोळशाची राख सिमेंट आणि विटांच्या कामाला जाते, ती ह्याच रस्त्यांवरून. शिफ्ट सुटली की ह्या गर्दीत मोटारसायकली मिसळतात. आम्ही इथले लोक ह्याच रस्त्यावर गाडी शिकलो.

मागच्या पावसाळ्यात, संध्याकाळच्या वेळी, माझ्यापुढचा बल्कर वळण्यासाठी एकदम हळू झाला. माझी नजर क्षणभर डावीकडे, पाण्याने भरलेल्या साइडपट्टीवर होती. गाडीत भोंगा वाजला, समोरच्या पट्टीवर लाल खूण चमकली, माझा पाय ब्रेकवर गेला. पाय पोचला तेव्हा ब्रेक आधीच लागत होता असे जाणवले. बल्करच्या मागे दोन-तीन हात जागा ठेवून आम्ही थांबलो. घरी आल्यावर सगळे म्हणाले, गाडीने वाचवले. मला मात्र ते उत्तर पुरेना. गाडीने नेमके काय केले, मी काय केले, आणि त्या दिवशी रस्ता कोरडा नव्हता हे गाडीला ठाऊक होते का? ते समजून घेत गेलो तसे एक गोष्ट पक्की होत गेली: ह्या यंत्रणेचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे तो भोंगा, ज्याला कंटाळून आपल्यापैकी बरेच जण तो बंद करून टाकतात.

पाहणारे दोन डोळे

ह्या यंत्रणेला स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक म्हणतात. ‘एडास’ नावाखाली विकल्या जाणाऱ्या, चालकाला मदत करणाऱ्या सोयींपैकी ही एक. महाराष्ट्रात बनणाऱ्या गाड्यांमध्ये ती रुळली त्याला फार वर्षे झालेली नाहीत. चाकणला तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० ही २०२१ साली आली, टाटांच्या हॅरियर आणि सफारीमध्ये २०२३ साली ही सोय आली. जगात तिची सुरुवात आधीची. व्होल्वोने २००८ साली एक्ससी ६० मध्ये शहरी वेगासाठी असा ब्रेक दिला होता.

बहुतेक गाड्यांमध्ये दोन साधने मिळून रस्ता पाहतात. एक रडार. ते पुढच्या बंपरमध्ये, जाळीच्या मागे किंवा कंपनीच्या चिन्हामागे दडलेले असते. ते ७७ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडते आणि वस्तूवर आपटून परत आलेल्या लहरी पकडते. लहर जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते. समोरची वस्तू जवळ येत असेल तर परतीच्या लहरींची वारंवारता किंचित वाढते. जवळ येणाऱ्या रेल्वेची शिटी जशी चढी ऐकू येते तसे. त्यावरून वेगातला फरक कळतो. रडारला अंधाराचे भय नाही, धुक्यातूनही त्याला पुष्कळ दिसते. पण समोर काय आहे हे त्याला नीट सांगता येत नाही.

ते सांगायला दुसरे साधन असते, कॅमेरा. समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला, आरशाच्या मागे तो बसवलेला असतो. हजारो चित्रे दाखवून त्याच्या संगणकाला शिकवलेले असते की ही मोटारीची पाठ, हा माणूस, ही सायकल, ही रस्त्याची पांढरी रेघ. कॅमेऱ्याला वस्तू ओळखता येते. अंतर आणि वेग मात्र तो रडारइतका अचूक मोजत नाही. म्हणून दोघांची माहिती एकत्र केली जाते. रडार म्हणते, तीस मीटरवर काहीतरी आहे आणि ते झपाट्याने जवळ येते आहे. कॅमेरा म्हणतो, तो ट्रक आहे आणि आपल्याच लेनमध्ये आहे. दोघांचे जुळले की संगणक निर्धास्तपणे निर्णय घेतो. काही गाड्या केवळ कॅमेऱ्यावर चालतात, काहींत दोन कॅमेरे असतात. आपल्या गाडीत काय आहे हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते एकदा वाचावे. ते ठाऊक असले की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात.

हिशेब सेकंदांचा

यंत्रणा अंतराकडे पाहते, पण निर्णय घेते वेळेवर. सध्याच्या वेगाने, काहीच बदलले नाही तर, धडक व्हायला किती सेकंद उरले? समोरचे अंतर भागिले दोन गाड्यांच्या वेगातला फरक, इतका साधा तो भागाकार आहे. प्रत्येक कंपनीचे उंबरठे वेगळे असतात, म्हणून खालचे आकडे समजण्यापुरते घ्यावेत.

माझ्या बल्करचेच उदाहरण घेऊ. मी ६० च्या वेगात, बल्कर वळताना २० वर आलेला. फरक ४० किलोमीटर ताशी, म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. धडकेला अडीच सेकंद उरले असताना आमच्यात २८ मीटर अंतर आहे. तिथे भोंगा वाजतो. दीड सेकंद उरला, अंतर १७ मीटर. तिथे यंत्रणा हलका ब्रेक लावून धक्का देते, जणू कोणी खांद्याला धरून हलवावे. एक सेकंद उरला, अंतर ११ मीटर. आता ती पूर्ण ताकदीने ब्रेक लावते.

मी काहीच केले नाही आणि शेवटच्या एका सेकंदावरच सगळे सोपवले तर काय होते ते पाहू. कोरड्या, चांगल्या डांबरावर गाडीला तो ४० चा फरक मोडायला पूर्ण ब्रेकखाली साडेसात-आठ मीटर लागतात. ब्रेकचा दाब तयार होण्यातच पाव सेकंद जातो, त्यात तीन मीटर खर्ची पडतात. म्हणजे ११ पैकी जवळपास सगळे संपले. गाडी वाचते, पण अगदी काठावर.

आता रस्ता ओला करा आणि त्यावर राखेचा थर पसरा. आमच्याकडे पहिल्या पावसात बल्करमधून सांडलेली राख आणि कोळशाची भुकटी मिळून रस्त्यावर लगद्यासारखे काहीतरी होते. टायरची पकड निम्मी झाली असे धरू. आता तोच फरक मोडायला पंधरा मीटरांहून थोडे जास्त हवेत, हातात उरलेत आठ. गाडी आदळणारच. पण ४० च्या फरकाने आदळण्याऐवजी २८ च्या फरकाने आदळेल. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती जवळपास निम्म्यावर येते. तेवढ्याने हातपाय शाबूत राहू शकतात. यंत्रणेचे हे काम फार मोठे आहे. फक्त त्याला ‘अपघात टळला’ म्हणता येत नाही.

आणि आता तिसरा हिशेब. रस्ता तसाच ओला, पण भोंगा वाजल्याबरोबर माझा पाय हलतो. सावध माणसाला ब्रेकवर पाय न्यायला साधारण एक सेकंद लागतो, तेवढ्यात ११ मीटर जातात. २८ मधले १७ उरतात आणि लागतात पंधरा-साडेपंधरा. त्याच निसरड्या रस्त्यावर गाडी बल्करच्या अलीकडे आवरते. त्या संध्याकाळी हेच झाले होते. भोंग्याने मला जागे केले आणि माझ्या पायाने गाडी आवरली. यंत्रणेने दाब वाढवून मला हात दिला. ती एकटी असती तर कदाचित पुढचा बंपर आत गेला असता.

म्हणूनच कोणी गाडीत बसून म्हणतो, “ते टूं टूं बंद करून टाका ना भाऊ, लय डोकं खाते,” तेव्हा मला वाईट वाटते. बहुतेक गाड्यांमध्ये इशारा लवकर, मध्यम की उशिरा हे निवडता येते. गर्दीच्या रस्त्यावर तो फार वाजत असेल तर मध्यमवर आणावा. पूर्ण बंद करणे म्हणजे अडीच सेकंदांतले दीड सेकंद आपणच फेकून देणे.

पाय न लावता ब्रेक कसा लागतो

आपण पेडल दाबतो तेव्हा ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो चारी चाकांपर्यंत जातो. चाक घसरून जाम होऊ नये म्हणून दाब क्षणोक्षणी कमी-जास्त करणारे एबीएस एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना बंधनकारक आहे. गाडीचा तोल सांभाळणाऱ्या स्थिरता नियंत्रणात आणखी एक पंप असतो, आणि तो पेडल न दाबताही दाब तयार करू शकतो. आपत्कालीन ब्रेक ह्याच पंपाला हुकूम सोडतो. काही नव्या गाड्यांत व्हॅक्यूम बूस्टरऐवजी विजेची मोटर असते. ती दाब आणखी लवकर उभा करते.

ह्यातून तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या निघतात. पहिली, यंत्रणेकडे वेगळे ब्रेक नाहीत. आपलेच पॅड, आपलेच टायर. गुळगुळीत टायरवर जगातला कोणताही संगणक गाडी लवकर थांबवू शकत नाही. दुसरी, आपण हलका ब्रेक मारला आणि तो पुरेसा नाही असे संगणकाला वाटले तर तो दाब वाढवतो. म्हणून पेडल पायाखाली कडक किंवा आत ओढल्यासारखे झाले तर घाबरून पाय काढू नये, उलट आणखी जोरात दाबावे. तिसरी, गाडी थांबली की बहुतेक यंत्रणा ती एक-दोन सेकंदच धरून ठेवतात आणि मग सोडतात. चढावर किंवा उतारावर हे विसरले तर गाडी सरकते. थांबल्यावर आपला पाय ब्रेकवर हवाच. हाताच्या गिअरच्या गाडीत इंजिन बंदही पडू शकते.

चालक शेवटपर्यंत वरचढ असतो. अॅक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटक्यात फिरवले तर संगणक समजतो की माणसाने काहीतरी ठरवले आहे, आणि मागे सरतो. हे चांगलेच आहे, पण ह्याचाच अर्थ असा की घाबरून चुकीच्या पेडलवर पाय पडला तर यंत्रणा आपल्याला रोखेलच असे नाही.

त्याला काय दिसत नाही

हा भाग आमच्या रस्त्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पहिली अडचण, रस्त्याच्या कडेला बिघडून उभा असलेला, मागचा दिवा नसलेला ट्रक. रात्रीच्या वेळी माणसाला हे संकट जेवढे कठीण, तेवढेच यंत्रालाही. कारण समजून घ्यायला हवे. रडारच्या दृष्टीने रस्त्यावरचे पाट्यांचे खांब, उड्डाणपूल, कठडे, लोखंडी झाकणे हे सगळे आपल्या वेगाने आपल्याकडे येत असते, म्हणजे ते स्थिर असते. प्रत्येक खांबासाठी गाडी ब्रेक मारू लागली तर ती चालवताच येणार नाही. म्हणून स्थिर वस्तूंच्या परतीच्या लहरींना बरीच रडारे कमी महत्त्व देतात आणि कॅमेऱ्याच्या साक्षीची वाट पाहतात. अंधारात, रिफ्लेक्टर नसलेला, धुळीने एकरंगी झालेला ट्रक कॅमेऱ्याला उशिरा ओळखू येतो. ट्रक अर्धा रस्त्यावर अर्धा साइडपट्टीवर असेल तर आणखी उशिरा.

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ प्रवाशांची एक मिनी बस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. आपल्या राज्यातला वेगवान रस्ता आणि त्यावरचे संथ किंवा थांबलेले अवजड वाहन ही जोडी किती घातक आहे हे त्या रात्रीने दाखवले. नागपूरहून समृद्धीवर चढणाऱ्या प्रत्येकाने पुढचा हिशेब लक्षात ठेवावा. समोर थांबलेला ट्रक आहे, यंत्रणेने तो ओळखला, धडकेला एक सेकंद उरला असताना पूर्ण ब्रेक लागला, रस्ता कोरडा आहे. ६० च्या वेगात असाल तर सुमारे ३२ ने आदळाल. ८० ला सुमारे ५४ ने. १०० ला सुमारे ७५ ने. वेग जेवढा जास्त, तेवढा शेवटचा सेकंद तोकडा पडतो. रात्री लो बीमच्या उजेडात चाळीस-पन्नास मीटर दिसतात, आणि ८० च्या वेगात थांबायला माणसाला प्रतिक्रियेसकट पन्नास मीटरांहून जास्त लागतात. आपण दिव्यांच्या पुढे धावत असतो. कॅमेराही त्याच दिव्यांच्या उजेडात पाहतो, हे विसरू नये.

दुसरी अडचण, ओळखीची. कॅमेऱ्याला जे शिकवले तेच त्याला येते. बाहेरच्या देशांतल्या चित्रांवर शिकलेल्या संगणकाला बैलगाडी, ऑटो, कापसाने फुगलेली ट्रॉली हे सगळे नवखे वाटणार. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने म्हणूनच २०१८ मध्ये हैदराबाद, बंगळूर आणि आसपासच्या रस्त्यांवरची १०,००० चित्रे गोळा करून, त्यातली प्रत्येक वस्तू ३४ प्रकारांत खूण करून संशोधकांना दिली. ऑटोरिक्षा आणि जनावरे त्यात वेगळी नोंदवली आहेत. असे काम वाढेल तसे ओळखणे सुधारेल. तरीही बाजूने धावत येणारे रानडुक्कर किंवा बांधावरून उडी मारणारी नीलगाय हे आजच्या बहुतेक गाड्यांच्या कुवतीबाहेरचे आहे असेच धरून चालावे.

तिसरी, बाहेर डोकावणाऱ्या सळया. ट्रॉलीच्या मागे दोन मीटर लोंबणाऱ्या सळईची टोके रडारला आणि कॅमेऱ्याला धडपणे दिसत नाहीत. ते ट्रॉलीचे मागचे फळकूट मोजतात. संगणकाच्या लेखी तुमच्याकडे अजून जागा आहे, प्रत्यक्षात काच आणि सळई एकमेकींना टेकल्या आहेत. अशा वाहनाच्या मागे अंतर पूर्णपणे आपल्या डोळ्यांनी ठरवायचे.

चौथी, कट मारणारा. आपल्या आणि पुढच्या टिप्परच्या मधे अचानक मोटारसायकल घुसते. यंत्रणेला तिच्यासाठी नवा हिशेब मांडायला वेळच मिळत नाही. आणि पाचवी, नवरात्रात कोराडीच्या जगदंबेला रात्री रांगेने पायी जाणारे भाविक. चालणाऱ्या माणसांना ओळखणारे ब्रेक अनेक गाड्यांत आहेत, पण ते एका ठरावीक वेगापर्यंतच पूर्ण काम करतात, आणि अंधारात, गडद कपड्यांत, घोळक्याने चालणाऱ्या माणसांसमोर त्यांची परीक्षा सर्वांत कठीण असते. त्या रस्त्यावर त्या नऊ रात्री वेग कमी ठेवणे, हाच खरा ब्रेक.

राख, चिखल आणि लिंबू-मिरची

खापरखेड्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की बोनेटवर बोटाने नाव लिहिता येते. तीच धूळ कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर आणि रडारच्या झाकणावर बसते. वरून दव पडले की ती चिकटते. मग समोरच्या पट्टीवर पिवळी खूण येते: यंत्रणा उपलब्ध नाही. पुष्कळ जण ती खूण बिघाड समजतात, काही जण तिच्याकडे पाहतही नाहीत. बहुतेक वेळा ओल्या मऊ फडक्याने काच आणि बंपरचा तो भाग पुसला की खूण जाते. मी सकाळी गाडी काढताना दोन्ही जागा पुसतो, जशी आजी देवघरातली काच पुसायची तशी, न चुकता. वायपरचे रबर कडक झाले असेल तर ते कॅमेऱ्यासमोर धुळीची कमान काढून ठेवते; रबर वेळेवर बदलावे.

रडारच्या तोंडासमोर काहीही येऊ नये. शनिवारी बांधलेली लिंबू-मिरची जाळीसमोर लोंबत असेल तर ती बाजूला, रडारपासून दूर बांधावी. लिंबात पाणी असते, आणि पाणी ह्या लहरी शोषून घेते. दणकट दिसावे म्हणून लावलेले लोखंडी क्रॅश गार्ड तर दोन्ही बाजूंनी वाईट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितले, कारण ते पादचाऱ्याला जास्त इजा करतात आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणतात. त्यात आता रडार आंधळे करण्याची भर.

बंपरला छोटा धक्का बसला, बाहेरून काही दिसत नाही, म्हणून सोडून दिले जाते. रडार त्याच्या जागेवर एक अंशाने फिरले तर काय होते? शंभर मीटरवर त्याची नजर पावणेदोन मीटर बाजूला जाते. साडेतीन मीटरच्या लेनचा तो निम्मा भाग. पुढचा ट्रक त्याला शेजारच्या लेनमध्ये दिसेल, किंवा शेजारचा ट्रक आपल्यापुढे. त्यामुळेच बंपर, समोरची काच किंवा चाकांचे अलाइनमेंट बदलले की कॅमेरा-रडारचे पुन्हा जुळवणे करून घ्यायचे आणि कामाच्या पावतीवर ते लिहून घ्यायचे. काच स्वस्तात बदलून मिळते तिथे हे जुळवणे होते का, हे आधी विचारावे.

माझ्या गाडीने एकदा मोकळ्या रस्त्यावर, वळणाच्या बाहेर उभ्या असलेल्या टिप्परसाठी ब्रेक मारला. गाडी वळणात होती, रडार सरळ पाहत होते, आणि सरळ पाहिले तर टिप्पर समोरच होता. असा उगाच लागलेला ब्रेक काही क्षणांतच सुटतो. अशा वेळी घाबरून स्टिअरिंग फिरवू नये, अॅक्सिलरेटरवर हलका दाब द्यावा. पण हे वारंवार होऊ लागले तर ते जुळवणे बिघडल्याचे लक्षण आहे, आणि गाडी दाखवायला न्यावी.

मागून येणारा

गाडीत यंत्रणा आली की माणसाची नजर पुढे खिळते. आमच्या रस्त्यावर तितकेच मागेही पाहावे लागते. मोटार ६० वरून थांबायला कोरड्या रस्त्यावर प्रतिक्रिया सोडून वीसेक मीटर घेते. भरलेला टिप्पर त्याहून बराच जास्त घेतो. माझ्या गाडीने पूर्ण ब्रेक मारला आणि मागचा टिप्पर दहा मीटरवर असेल, तर मला पुढच्या धडकेतून वाचवून यंत्रणेने मागच्या धडकेच्या स्वाधीन केले असे होईल. ब्रेक लागताच मागचे दिवे आपोआप लागतात, काही गाड्यांत ते उघडझाप करतात, पण टिप्परचा चालक ते पाहून लगेच थांबू शकेल असे नाही. मागे कोणी चिकटले आहे असे दिसले की पुढचे अंतर आणखी वाढवायचे. म्हणजे थांबायची वेळ आली तर मला हळू थांबता येते आणि त्यालाही.

खरा उपाय अर्थात त्या टिप्परमध्ये आणि बल्करमध्ये हे ब्रेक असण्यात आहे. युरोपात नव्या जड ट्रकांना ते २०१५ पासून सक्तीचे आहेत, आणि २०२४ च्या जुलैपासून सगळ्या नव्या मोटारींनाही. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये नियम केला की सप्टेंबर २०२९ पर्यंत सर्व नव्या हलक्या वाहनांत हे ब्रेक हवेत. आपल्याकडे केंद्राने मार्च २०२५ मध्ये बस आणि ट्रकांमध्ये आपत्कालीन ब्रेक आणि चालकाला डुलकी लागल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. भारतात २०२२ ह्या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली. त्या आकड्यापुढे ह्या मसुद्याला उशीर करायला जागा नाही. गाडी घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेले ‘भारत एनकॅप’ ह्या धडक-चाचणीचे तारे मुख्यतः धडक झाल्यावर माणूस किती वाचतो ते सांगतात. पाच तारे असलेल्या गाडीच्या प्रत्येक प्रकारात हे ब्रेक असतीलच असे नाही. शोरूममध्ये नेमक्या त्या प्रकाराबद्दल विचारावे.

नागपूरच्या बसमधला भोंगा

भोंग्याची किंमत कोणाला पटवायची असेल तर दाखला घरचाच आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात ‘आयरास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. नागपूर महानगरपालिका, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, इंटेल आणि महिंद्रा ह्यांचे ते एकत्र काम. महापालिकेच्या बसगाड्यांच्या काचेवर कॅमेऱ्याची यंत्रणा बसवली. पुढचे वाहन फार जवळ आले, माणूस आडवा आला, बस लेन सोडू लागली, की ती चालकाला इशारा देते. ब्रेक ती लावत नाही. ब्रेक चालकच लावतो.

ह्या प्रकल्पात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट इशाऱ्यांच्या नोंदीत आहे. कोणत्या चौकात, कोणत्या वळणावर इशारे पुन्हा पुन्हा वाजतात हे साठत जाते. अपघात झालेल्या जागांना आपण काळे ठिपके म्हणतो. अपघात अजून झाला नाही पण होऊ घातला आहे अशा जागांना ह्या प्रकल्पात करडे ठिपके म्हणतात. तिथे रस्ता आधीच दुरुस्त करता येतो. माणूस गेल्यावर गतिरोधक बसवण्यापेक्षा हे किती वेगळे आहे! आपल्या गाडीचा भोंगाही आपल्या रोजच्या रस्त्याचे असे करडे ठिपके सांगत असतो. मी काही आठवडे लक्षात ठेवले. माझा भोंगा बहुतेक वेळा तीनच जागी वाजे: बल्कर वळतात तिथे, बाजाराच्या दिवशी भाजीच्या गाड्यांजवळ, आणि रेल्वे फाटकाच्या रांगेत. तिन्ही जागी चूक माझीच होती. मी पुढच्याच्या पाठीला चिकटत होतो.

मग मी एक साधी सवय लावली. पुढचे वाहन एखाद्या खांबाजवळून गेले की मनात मोजायचे, एकशे एक, एकशे दोन. एकशे दोन म्हणायच्या आत मी त्या खांबाशी पोचलो तर अंतर कमी आहे. पावसात, राखेच्या लगद्यावर, रात्री आणि सळयांच्या ट्रॉलीमागे चारपर्यंत मोजायचे. ६० च्या वेगात दोन सेकंद म्हणजे ३३ मीटर. मधे मोटारसायकल घुसते, हे खरे. घुसू द्यावी आणि पुन्हा मोजायला लागावे. घरी पोचायला ह्याने फार तर एखादे मिनिट उशीर होतो.

माझ्या मुलीला गाडी शिकवताना मी यंत्रणेबद्दल आधी सांगितले नाही. आधी हे मोजणे शिकवले. ते हाताशी आल्यावर भोंग्याचा अर्थ सांगितला: हा वाजला की आधी ब्रेक, मग कारण शोधायचे. आणि गाडीच्या ब्रेकची परीक्षा घ्यायला पुढे खोका ठेवून किंवा मित्राला उभे करून कधीही गाडी न्यायची नाही, हेही बजावले.

यंदाच्या पावसाळ्यातही बल्कर त्याच वळणावर तसेच हळू होतात, राख तशीच सांडते. पण आता त्यांचा वळणाचा दिवा मला लांबून दिसतो, कारण मधे पाहायला जागा असते. त्या वळणावर माझा भोंगा वाजल्याला बरेच महिने झाले.